विशेष शिक्षणात एम.एड., पीएच.डी. : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात एका विशेष शाळेत शिकवते. माझं एम.एड. बौद्धिक अक्षमता या क्षेत्रातलं. मे महिना उजाडला की फोन सुरू होतात: कुणाची भाची, कुणाची सून, जुन्या बॅचची एखादी मुलगी. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते आहे. लोक जिथे अडकतात तिथे जास्त लिहिलंय, बाकी ठिकाणी दोन ओळींत उरकलंय.

दिव्यांगशास्त्र, पुनर्वसन, विशेष शिक्षण हे सगळं एकच ना?

नाही. सहा वर्षांचं एक मूल बोलत नाही, असं समजा. त्याला ऐकू येतं का हे ऑडिऑलॉजिस्ट तपासतो. वाचा-भाषेवर स्पीच थेरपिस्ट काम करतो. समज आणि वर्तन पुनर्वसन किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बघतो. त्या मुलाला बसवून, रोज, वर्षभर शिकवण्याचं काम विशेष शिक्षकाचं. आणि शाळेला रॅम्प का नाही, आईला प्रमाणपत्रासाठी चार खेपा का पडतात, हे विचारणारा समाजकार्य किंवा दिव्यांगत्व-अभ्यासाचा माणूस असतो. मूल एकच, पण प्रत्येकाची पदव्युत्तर पदवी वेगळी आणि तिचा दरवाजाही वेगळा.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीबद्दल हमखास गोंधळ होतो. ते विषय भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्रात त्यांची वेगळी राज्य परिषद आहे. त्यामुळे "मी फिजिओ आहे, आता दोन वर्षांत स्पेशल एम.एड. करते" असं होत नाही. कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवण्याचं शास्त्र मात्र आरसीआयकडे आहे. ते शिकायचं तर मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

इथून पुढे मुख्यतः विशेष शिक्षणाबद्दलच लिहिते, कारण माझा अनुभव तिथलाच आहे.

माझं साधं बी.एड. आहे. थेट स्पेशल एम.एड.ला प्रवेश मिळेल का?

नुसत्या साध्या बी.एड.वर नाही. आरसीआय मान्य बी.एड. विशेष शिक्षण हवं, किंवा साध्या बी.एड.च्या जोडीला आरसीआय मान्य विशेष शिक्षणाची पदविका हवी. दोन्हीकडे किमान ५० टक्के लागतात. आरक्षित गटांची सवलत त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत बघा. तुमच्याकडे साधं बी.एड.च असेल आणि काम खरंच आवडत असेल, तर आधी पदविका करा. दोन वर्षं जातील, पण पुढे एम.एड.च्या वर्गात "टास्क अ‍ॅनालिसिस म्हणजे काय" (एक काम लहान लहान पायऱ्यांत तोडणं) हे विचारण्याची वेळ येणार नाही.

आरसीआय, सीआरआर नंबर ही काय भानगड आहे?

हे नीट वाचा. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आरसीआयचा कायदा १९९२चा. या क्षेत्रात व्यावसायिक म्हणून काम करायचं तर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत तुमचं नाव लागतं आणि तुम्हाला नंबर मिळतो, तोच सीआरआर नंबर. नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. हजाराचा आकडा वाचून लोक हसतात, पण कैद विसरतात. नंबर कायमचा नसतो. ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे मान्यताप्राप्त कार्यशाळांचे पॉइंट जमवावे लागतात. प्रमाणपत्रं फाईलला लावत चला. नूतनीकरणाच्या महिन्यात कपाट उपसणारे लोक मी दरवर्षी बघते.

आता खरा मुद्दा. आरसीआयची मान्यता "या कॉलेजला" अशी सरसकट नसते. ती अमुक अभ्यासक्रमाला, अमुक अपंगत्व-क्षेत्रासाठी, अमुक शैक्षणिक वर्षांपर्यंत, अमुक जागांना असते. माझ्या एका मैत्रिणीने एका संस्थेत प्रवेश घेतला. भिंतीवर मान्यतेचं पत्र फ्रेम करून लावलं होतं, पत्र खरंही होतं, पण मुदत आदल्या वर्षीच संपलेली. "नूतनीकरण येतंय, प्रोसेसमध्ये आहे," असं ऐकत तिची दोन वर्षं गेली. विद्यापीठाची पदवी हातात आली, नंबर मिळाला नाही. विशेष शिक्षणात नंबराविना पदवीचा उपयोग काय, हे तिला प्रत्येक मुलाखतीत कळत गेलं.

म्हणून पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी स्वतः उघडा आणि चार गोष्टी ताडून बघा: संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, अपंगत्व-क्षेत्र आणि तुमच्या प्रवेशाचं वर्ष. त्या पानाची तारखेसह प्रिंट काढून ठेवा. फ्रेममधल्या पत्राचा फोटो घेऊन समाधान मानू नका.

बी.एड.वाल्यांसाठी आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणानंतर शिक्षक-प्रशिक्षणाचा कल चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे वळला आहे आणि विशेष बी.एड.वरही त्याचा परिणाम होतो आहे. दोन वर्षांच्या बी.एड.ची मोठ्या बहिणीने सांगितलेली माहिती जशीच्या तशी धरू नका, चालू वर्षाची परिपत्रकं वाचा.

कोणतं क्षेत्र निवडू? कर्णबधिर, दृष्टिबाधित, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता की ऑटिझम?

एम.एड.ला एकच क्षेत्र मिळतं आणि बहुतेक वेळा ते तुमच्या बी.एड.च्या क्षेत्रावरच ठरतं. म्हणजे निवड खरी तर बी.एड.लाच होते.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ झाले. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना या यादीत स्वतंत्र नाव मिळालं ते तेव्हा. शहरी पालक आता याच दोन गोष्टींबद्दल विचारतात, त्यामुळे "ऑटिझम घेतलं की खासगी काम भरपूर" असं ऐकू येतं. मी याला फार महत्त्व देत नाही. ब्रेलचे सहा ठिपके बोटांनी वाचून दाखवताना ज्याला आनंद होतो त्याने दृष्टिबाधित क्षेत्र घ्यावं. सांकेतिक भाषा शिकायला ज्याचे हात शिवशिवतात त्याने कर्णबधिर. आणि तीच गोष्ट शंभराव्या वेळी सांगताना ज्याचा आवाज चढत नाही त्याने आमच्याकडे यावं.

सोलापुरात राहूनच होईल का? नाहीतर कुठे जाऊ?

आरसीआयच्या यादीत महाराष्ट्र निवडून सोलापूर जिल्हा आधी तपासा. पदविकेपासून पुढे काय मान्य आहे ते त्या वर्षाच्या यादीतूनच ठरतं. एम.एड.साठी मात्र बाहेर जाण्याची मनाची तयारी ठेवाच.

आपल्याकडे "बाहेर" म्हटलं की हुतात्मा एक्सप्रेस आणि पुणे, फार तर मुंबई. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, कर्णबधिर क्षेत्रासाठी आणि ऑडिऑलॉजीसाठी. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या अंगाने दिव्यांगत्वाचा अभ्यास चालत आला आहे.

पण जरा उलट्या दिशेने बघा. बौद्धिक अक्षमतेची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे, १९८४ सालची, आणि रेल्वेने ती सोलापूरला मुंबईपेक्षा जवळ आहे. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे पाहुणे तिकडे आहेत, पण लग्नाला जातात तितकेच. म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, १९६५ची, या विषयात देशातली जुनी आणि दबदबा असलेली. आपल्या स्टेशनवरून गोलगुंबझ एक्सप्रेस थेट म्हैसूरला जाते. पोरीला मुंबईत पीजी शोधून देणारे वडील सिकंदराबादचं नाव काढलं की "परराज्यात कशाला" म्हणतात. घरात तेलुगू बोलणारेसुद्धा!

नोकरी सांभाळून, मुक्त विद्यापीठातून केलं तर?

विशेष बी.एड. दूरस्थ पद्धतीने अडीच वर्षांचं होत आलं आहे, पण त्यालाही त्या त्या वर्षाची आरसीआय मान्यता लागतेच. संपर्कसत्रं आणि प्रात्यक्षिकं चुकवता येत नाहीत, रजेचं गणित आधी मांडा. घरबसल्या सहा महिन्यांत "स्पेशल एज्युकेटर" करून देणाऱ्या जाहिराती फिरतात, त्यातून नंबर मिळत नाही.

दोन वर्षांत नेमकं काय करावं लागतं? नुसतं वाचन की मुलांमध्ये काम?

दोन्ही. मानसशास्त्र, संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, अभ्यासक्रम-रचना, समावेशन (दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेणं) आणि शेवटी प्रबंध. पण कागदावरचे विषय सांगण्यापेक्षा एक प्रसंग सांगते.

आमच्या व्यवसायपूर्व वर्गात टॉवेल घडी करायला शिकवतात. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. नवी विद्यार्थिनी येते, स्वतः झटकन घडी करून दाखवते आणि म्हणते, "असं कर." मुलगा टॉवेलचा बोळा करून तिच्या हातात देतो. मग आम्ही तिला त्या एका घडीचे तुकडे लिहायला बसवतो. टॉवेल टेबलावर पसरणे. आपल्याकडचे दोन कोपरे चिमटीत धरणे. ते समोरच्या कोपऱ्यांवर नेऊन टेकवणे. एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने सुरकुती काढणे. टॉवेल फिरवून घेणे. पुन्हा कोपरे. पुन्हा सुरकुती. उचलणे. गठ्ठ्यावर काठ जुळवून ठेवणे. नऊ झाले. पहिल्या दिवशी बहुतेकींचे चारच निघतात.

शिकवायचं शेवटून. आठ पायऱ्या बाईंनी करायच्या, नववी मुलाने: गठ्ठ्यावर ठेवायचं आणि शाबासकी घ्यायची. ती जमली की आठवी आणि नववी त्याच्याकडे. असं मागे मागे सरकत जायचं, म्हणजे प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचा मान मुलालाच मिळतो. आणि रोज नोंद: स्वतः केलं, तोंडी सांगितल्यावर केलं, हात धरून केलं. त्या मुलाला नऊ पायऱ्यांना साडेचार महिने लागले. विद्यार्थिनीची नोंदवही मुलाच्या आईने मागून घेतली, झेरॉक्स काढली आणि घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

एम.एड.ला याच्या पुढचं काम असतं: अशा नोंदींतून पद्धत चालते की नाही हे सिद्ध करणं आणि दुसऱ्या शिक्षकांना ते शिकवणं.

माझं इंग्रजी कच्चं आहे. झेपेल?

झेपेल, पण पहिलं सत्र जड जाईल. राष्ट्रीय संस्थांत शिकवणं आणि पेपर इंग्रजीतच धरून चला. राज्यातल्या विद्यापीठांत मराठीत उत्तरं लिहिता येतात का ते आधी विचारा. शंभरेक शब्दांची स्वतःची वही करा, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. इंग्रजी बोलता येणाऱ्या मुली मुलांशी बोलताना अडखळलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा यावरून स्वतःला कमी लेखू नका.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो. त्याचा काही उपयोग?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. खरं तर सोलापूरकराने सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

माझ्या इंटर्नशिपमधली गोष्ट. विडी वळणाऱ्या आईचा मुलगा, पाच-साडेपाच वर्षांचा, चाचणीला आणला होता. पाण्याच्या पेल्याचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" मुलगा म्हणाला, "नीळ्ळु." तपासणाऱ्याने "उत्तर नाही" अशी खूण केली. मी शेजारी बसून नोंदी घेत होते आणि मलाही तेव्हा कळलं नाही. जिना उतरताना आई मुलाला पाणी पाजत तोच शब्द म्हणाली तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. त्या एका चित्राने बुद्ध्यांक फिरला असता असं नाही. पण अशी वीस चित्रं असतात.

आपल्या गावात पाणी म्हणजे मराठी घरात पाणी, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात नीळ्ळु, अक्कलकोटकडच्या कन्नड घरात नीरु आणि दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यात पानी. शाळा मराठी. सर्वसाधारण मूल ही कसरत हसतखेळत करतं. ज्या मुलाची भाषाच उशिरा येते आहे त्याच्या बाबतीत मात्र दोन प्रश्न एकमेकांत अडकतात: याला शब्द येत नाही, की आपल्या भाषेत येत नाही?

साधनांचीही गंमत बघा. बिने यांची बुद्धिमापन चाचणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे. वाचन-अक्षमता ओळखण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाचं साधन केलं. ते आधी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आलं. म्हणजे सोलापूरच्या दोन भाषा दोन्हीकडे आहेत. पण इथली तेलुगू आंध्र-तेलंगणातल्या प्रमाण तेलुगूसारखी राहिलेली नाही, तिच्यात मराठी शब्द मिसळलेले आहेत, त्यामुळे तिकडून साधन आणूनही ते जसंच्या तसं बसणार नाही.

तेव्हा उपयोग हा असा. तुम्हाला त्या मुलाचं "नीळ्ळु" पहिल्याच वेळी ऐकू येईल.

मग प्रबंधाचा विषय असाच घ्यावा का?

घ्याच. मार्गदर्शक बहुतेकदा "शिक्षकांचा समावेशनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन" हा विषय सुचवतात. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, बांधणी करायची. अशा प्रबंधांनी कपाटं भरलेली आहेत. त्यापेक्षा दहा मुलं घ्या आणि त्यांना घरच्या भाषेत आणि शाळेच्या भाषेत किती वस्तूंची नावं येतात एवढंच मोजा. किंवा मराठी वाचताना जोडाक्षर, रफार आणि वेलांटी यांतलं नेमकं काय अडतं ते नोंदवा. इंग्रजीतल्या डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-अक्षमतेची, लक्षणं मराठीला चिकटवून चालत नाही. आपल्याकडे अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे चुका वेगळ्या जागी होतात.

मुलांवर काम करताना पालकांची लेखी संमती घ्या, आणि ती पालकांना समजेल अशा भाषेत. मराठी वाचता न येणाऱ्या आईचा मराठी फॉर्मवर अंगठा घेणं ही संमती नव्हे.

पुढे नोकरी मिळते का? खरं सांगा.

मिळते, पण कायमची मिळायला वेळ लागतो. समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक वर्षानुवर्षं करारावर राबले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वसाधारण शाळांत प्राथमिकला १० आणि त्यापुढे १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, आणि मार्च २०२५मध्ये राज्यांना पदं जाहीर करायला पुन्हा बजावलं. मधल्या काळात, २०२४मध्ये, महाराष्ट्राने केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. हे केंद्र म्हणजे केंद्रप्रमुखांचं, आसपासच्या शाळांच्या गटाचं, दिल्लीचं नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं.

पदं जाहीर होणं आणि भरली जाणं यातलं अंतर तुम्हाला माहीत आहेच. पहिली ते आठवीच्या शिक्षकपदासाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते, ती आधीच काढून ठेवा. एम.एड.चा खास उपयोग विशेष डी.एड.-बी.एड. महाविद्यालयांत अध्यापक होण्यासाठी होतो. नुसतं मुलांना शिकवायचं असेल तर बी.एड. पुरतं, आणि एम.एड. झालं म्हणून अनुदानित विशेष शाळेत वेगळा मान मिळेल ही आशा ठेवू नका. मला मिळाला नाही.

पीएच.डी.?

पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत. नेट, सेट शिक्षणशास्त्र विषयात द्यायची. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि महिला व दिव्यांग संशोधकांना जादा मुदत मिळू शकते. केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात चौकशी करताना "स्पेशल एज्युकेशन आहे का" एवढंच विचारून परत फिरू नका. शिक्षणशास्त्राच्या मार्गदर्शकांपैकी कोण असा विषय घेईल ते विचारा. विषयापेक्षा मार्गदर्शक नीट निवडा.

मी स्वतः दृष्टिबाधित आहे. हा अभ्यास करता येईल का?

हो. २०१६च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, आधी काढा. "सिव्हिल" हॉस्पिटलच्या खेपा प्रवेशाच्या महिन्यात परवडत नाहीत.

प्रत्यक्ष अडचण वेगळीच येते. वर्गातल्या जुन्या मराठी नोट्स बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या किंवा स्कॅन केलेल्या असतात. स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यांवर एकतर गप्प बसतो किंवा अगम्य बडबडतो. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना लेखी पत्र द्या की साहित्य युनिकोडमध्ये हवं. तोंडी सांगितलेलं दिवाळीपर्यंत विसरलं जातं.

फी आणि शिष्यवृत्ती?

शासकीय, राष्ट्रीय आणि विनाअनुदानित संस्थांच्या फीत मोठा फरक असतो, वसतिगृह धरून हिशेब करा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर तुमच्या प्रवर्गाची योजना बघा. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. दिव्यांग संशोधकांसाठी केंद्राची वेगळी आहे.

माझंच मूल विशेष आहे. मी शिकावं का?

आमच्या वर्गात अशा दोन आया होत्या आणि लेसन त्यांचेच सगळ्यात चांगले व्हायचे. फक्त मूल फार लहान असेल, त्याच्या थेरपीची धावपळ सुरू असेल, तर दोन वर्षं थांबा. घरी तेच, कॉलेजात तेच, रात्री जर्नलमध्येही तेच, याने माणूस पिचतो. त्यातली एक जण परीक्षेच्या आदल्या रात्री मला म्हणाली, "मला एक दिवस फक्त साड्यांबद्दल बोलायचंय." आम्ही बोललो.

प्रवेशाआधी एकदा काम प्रत्यक्ष बघायचं आहे. कसं बघू?

जवळच्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या: चार दिवस वर्गात बसू द्या. बहुतेक जण हो म्हणतात. अकराला या आणि डबा खाऊन होईपर्यंत थांबा. खरं काम त्या अर्ध्या तासात दिसतं: कुणाला घास भरवायचा, कुणाला भरवायचा नाही, कुणाची भाकरी कुस्करून द्यायची. मुलांचे फोटो काढू नका. चॉकलेट आणू नका, काहींना फिट्सच्या औषधासोबत पथ्य असतं. आणि सोमवार टाळा. रविवारी घरी राहून आलेली मुलं सोमवारी बिथरलेली असतात, आमच्यापैकी कुणालाच तुमच्याशी बोलायला सवड मिळणार नाही.